रिकाम्या हौद्याची ट्रायल आम्हाला नको



बैलबाजारात गेलेला शेतकरी काय काय करतो ते आठवा. बैलाचे तोंड उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते स्वतःच्या डोळ्यांनी ठरवतो. खूर बघतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो, बसवून उठवतो. दलाल कितीही गोड बोलला तरी जुंपून बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. इतके करूनही बैल औतात बसला तर वर्षभर गावाची बोलणी ऐकावी लागतात, म्हणून ही सगळी खबरदारी.

तोच शेतकरी आठ-दहा लाखांची पिकअप घ्यायला गेला की शोरूमच्या काचेच्या दाराशी चपला काढायच्या की नाही या विचारात पडतो. आत गार हवा, कागदी कपात चहा, टाय लावलेला मुलगा "काका, बसा ना" म्हणतो. मग ट्रायल. फाटकातून निघायचे, पुढच्या पेट्रोलपंपापाशी वळायचे, परत यायचे. रस्ता गुळगुळीत डांबरी, हौदा रिकामा, गाणी चालू. पाच मिनिटांत "कशी वाटली काका?" "बरी आहे." झाली ट्रायल! मग बुकिंगची पावती, आठवड्याने हार, नारळ आणि मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फोटो. बैलाला जुंपून बघणारा माणूस बैलाच्या कितीतरी पट किमतीचे वाहन न जुंपता घरी आणतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की रिकामी पिकअप चालवून बघणे ही ट्रायलच नव्हे. रिकामी असताना सगळ्याच गाड्या पळतात. आपण गाडी रिकामी पळवायला घेत नाही. कांद्याची गोणी, टोमॅटोचे क्रेट, सरकीची पेंड, खताच्या बॅगा हे तिचे खरे काम. तेव्हा ट्रायल भरलेल्या गाडीची हवी, आपल्या रस्त्यावर हवी आणि बुकिंगच्या आधी हवी. दहा-वीस गाड्या एकदम घेणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या दारात भरलेली डेमो गाडी जाते. शहरातल्या मोटारीच्या गिऱ्हाइकाला घरपोच ट्रायल मिळते. मग जन्मात एकदा गाडी घेणाऱ्या शेतकऱ्यालाच का मिळू नये?

निफाडकडच्या आमच्या एका सहकाऱ्याचे उदाहरण घ्या. घरचा टोमॅटो, हंगामात पिंपळगावचा बाजार आणि भाव पडला की वाशी. त्याला ट्रायलला दिली दहा फुटी हौद्याची गाडी. दारात आली ती नऊ फुटी. "तीच गाडी आहे काका, फक्त थोडी आखूड, तुम्हाला स्वस्तही पडली." थोडी आखूड म्हणजे काय, ते त्याला पहिल्या तोड्याला कळले. टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद. दहा फुटी हौद्यात लांबीला पाच, रुंदीला चार म्हणजे एका थरात वीस क्रेट बसतात. नऊ फुटीत लांबीला चारच बसतात, थर सोळाचा. चार थर लावले तर इकडे ऐंशी, तिकडे चौसष्ट. एका फुटाने खेपेमागे सोळा क्रेट गेले! हंगामभर दर खेपेला सोळा क्रेट बांधावर राहतात किंवा भाड्याच्या गाडीने जातात. ट्रायलला जाताना त्याने चार रिकामे क्रेट आणि एक टेप नेली असती तर ही वेळ आली नसती. टेप हौद्याच्या आतून लावायची. माहितीपत्रकातल्या फुटांवर विसंबायचे नाही.

वजनाचा हिशेबही असाच फसवा आहे. विक्रेता सांगतो, "सतराशे किलो काका, डोळे झाकून." आर.सी. बुकात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासकट एकूण वजन. दोहोंतला फरक हा सगळा मालाचा नाही. ड्रायव्हर त्यात, सोबतचा माणूस त्यात. नंतर बॉडीवाल्याकडून बसवलेली लोखंडी जाळी, वाढवलेले कठडे, ताडपत्रीच्या कमानी, दोर हेही त्यातच. दोन माणसांचे दीडशे किलो आणि जाळीचे दोनशे धरा, साडेतीनशे किलो क्रेट चढण्याआधीच संपले. सी.एन.जी.ची गाडी असेल तर सिलिंडरच्या वजनाने मालाची क्षमता किती घटली तेही विचारा, आणि गॅसचा पंप गावापासून किती लांब आहे तेही बघा. गाडी ताब्यात घेताना आणि जाळी बसवल्यावर, दोन्ही वेळा वजनकाट्यावर घाला. काट्याची चिठ्ठी जपून ठेवा.

आता ट्रायलचे. सकाळी लवकर जा आणि बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागले तर तुमच्या येण्याआधी इंजिन तापवून ठेवले आहे, थंड गाडी कशी सुरू होते ते तुम्हाला कळणार नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तो बिघडल्यावरही लागणार नाही. घरात जो जो गाडी चालवणार त्या प्रत्येकाला बसवा. बापाचा पाय क्लचला पुरतो आणि पोराचा गुडघा स्टिअरिंगला लागतो, असे होते. सूनबाई चालवणार असतील तर त्यांनाही बसवा, लाजायचे कारण नाही. केबिनमध्ये तिघे बसून गिअर टाकून बघा. हौदा भरला की मधला आरसा कामाचा राहत नाही, तेव्हा दोन बाजूंच्या आरशांत मागचे चाक आणि मागचा रस्ता दिसतो का ते क्रेट रचूनच बघायचे.

मग माल भरा. गोण्या आपल्या न्या. पन्नास किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन, हिशेब सोपा. एखादी चढण गाठा. मध्येच थांबा, हँडब्रेक ओढा, पाय काढा. गाडी मागे सरकते का? पहिल्या गिअरमध्ये उचला. क्लच जळाल्याचा वास येतो का, इंजिन गुदमरते का? तीच चढण रिव्हर्समध्ये चढवा, कारण मळ्यातून गाडी वळवायला जागा नसली की रिव्हर्सच घ्यावी लागते. बांधाच्या वळणावर एका दमात वळते की तीनदा पुढे-मागे करावे लागते, हेही तिथेच कळेल.

ब्रेक दोन्ही वेळा बघा, रिकामी असताना आणि भरल्यावर. पिकअपचे मागचे अंग रिकामे असताना हलके असते, जोरात ब्रेक मारला की मागची चाके घसरू पाहतात. भरल्यावर तीच गाडी थांबायला जास्त अंतर घेते. नाशिकहून वाशीला माल जातो तेव्हा कसारा घाट आपण भरलेल्या गाडीने उतरतो आणि रिकाम्या गाडीने चढतो. म्हणजे तिथे ताकदीपेक्षा ब्रेकची परीक्षा आहे. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिन गाडीला किती धरते ते बघा. उतरून आल्यावर चाकाजवळ वास घ्या, नाक खोटे बोलत नाही. इथे आपल्याच लोकांना चार शब्द सुनावले पाहिजेत. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करणारे, इंजिनच बंद करणारे बहाद्दर आपल्यात कमी नाहीत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते. वाचलेल्या डिझेलच्या पैशात यातले काहीच भरून येत नाही.

खराब रस्त्यावर पाटे किती हापटतात ते बघायचा आमचा उपाय साधा आहे. पिकलेल्या टोमॅटोचे दोन क्रेट मागच्या टोकाला ठेवायचे आणि शिवाररस्त्याने पाच किलोमीटर फिरवून आणायचे. फळ फुटले तर व्यापारी वजनात कापणार, विक्रेता कापून देणार नाही.

रात्रीची ट्रायल कोणीच मागत नाही. आपला माल तर रात्रीच निघतो. मागे वजन पडले की गाडीचे नाक वर होते आणि दिव्यांचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यावर जातो. समोरचा शिव्या देतो आणि आपल्याला खड्डा दिसत नाही. झोत खाली-वर करायचे बटण आहे का, भरल्यावर ते पुरते का, हे अंधारातच बघायला हवे.

एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस. ६ गाड्याच विकल्या जातात. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, जरा वेगाने पळावी लागते. मळा ते दूध डेअरी असा दोन-तीन किलोमीटरचाच रोजचा फेरा असेल तर काजळी साचते, दिवा लागतो आणि गाडी गॅरेजला जाते. "आमचा रोजचा फेरा एवढा आहे, ही गाडी चालेल का?" हे विचारा आणि उत्तर लिहून मागा. युरियाचे द्रावण लागणारी गाडी असेल तर ते तालुक्यात मिळते का हेही विचारा. लिहून द्यायची वेळ आली की बोलणे कसे बदलते ते बघण्यासारखे असते.

विक्रेता म्हणेल, माल भरून ट्रायल द्यायला विमा परवानगी देत नाही. मग डेमो गाडीचे कागद दाखवा म्हणावे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या गाडीत मालच भरायचा असतो. "पोराकडे ट्रान्सपोर्टचे लायसन नाही, तो चालवू शकत नाही" असेही सांगतील. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो. आपली पिकअप त्याच्या निम्म्यातही बसते.

आता भरण्याबद्दल आपला दोष. सतराशेच्या गाडीत अडीच टन घालायचे, आणि पाटे मोडले की कंपनीला शिव्या द्यायच्या, हे चालणार नाही. वर आपण ऐंशी क्रेटांचा हिशेब मांडला. भरला क्रेट बावीस किलोचा धरला तर ते १,७६० किलो होतात, म्हणजे चार थर लावतानाही विचार करायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आपणच जागा करून देतो.

सरकारचीही गंमत बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. १२ वरून ५ टक्के झाला आणि मालवाहू गाड्यांवरचा २८ वरून १८. म्हणजे नांगरणारे यंत्र शेतीचे, आणि त्याच शेतातला माल बाजारात नेणारी गाडी व्यापाराची! नोंदणीकृत व्यापारी गाडीवर भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेऊ शकतो. शेतकऱ्याची नोंदणी नाही, ताज्या भाजीवर कर नाही, त्यामुळे त्याने भरलेले १८ टक्के कायमचे गेले. हा प्रश्न आम्ही वेगळा लढू. तूर्त कोटेशनवर १८ च लावले आहेत ना, एवढे तपासा.

त्याच कोटेशनवर 'हाताळणी', 'किट', 'इतर' अशा नावांच्या रकमा असतात. प्रत्येकीची पावती मागा. विमा शोरूमचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्याच, ही अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारबंधन ठरते. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वाहनाला लागतो. म्हणून गाडी कशासाठी घेतो आहोत ते अर्जावर पहिल्या दिवशीच लिहा: स्वतःच्या शेतमालाच्या वाहतुकीसाठी, उपजीविकेसाठी.

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत की भरलेल्या गाडीची ट्रायल मिळाल्याशिवाय कोणी बुकिंगचा रुपया देऊ नये, आणि ट्रायलला एकट्याने न जाता गावातल्या पाच जणांनी मिळून जावे. जिल्ह्यातल्या सगळ्या विक्रेत्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा तयार आहे, त्यावर सह्या हव्यात. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी पिकअप घेतली त्यांनी कोटेशन, पावत्या, आर.सी. बुकाची प्रत आणि असली तर वजनकाट्याची चिठ्ठी सोबत आणावी. कोणाला काय सांगितले होते आणि दारात काय आले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहे. निफाडचा सहकारी आपली नऊ फुटी गाडी घेऊन येणार आहे. क्रेट त्याच्याकडे आहेत, टेप मात्र कोणीतरी आणा.