फाट्यावरची चुकामूक

नांदेडला कॉलेजात येण्यासाठी मला रोज दोन वाहने लागतात. आमचे गाव नांदेड–लोहा रस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे. गावापासून फाट्यापर्यंत जीप, आणि फाट्यावरून एस.टी. प्रवास खरे तर तासा-सव्वा तासाचा. पण कधी दोन तास लागतात, कधी तीन. हा जादा वेळ ना जीपमध्ये जातो, ना एस.टी.त. तो फाट्यावरच्या लिंबाखाली जातो.

जीपचा नियम एकच: भरल्याशिवाय हलायचे नाही. एस.टी.चा नियम: कुणासाठी थांबायचे नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. जीपवाल्याचे डिझेल सुटले पाहिजे आणि कंडक्टरने वेळ पाळली पाहिजे. मात्र या दोन नियमांच्या भांडणात भरडला जातो तो विद्यार्थी. गेल्या वर्षी दहाव्या प्रवाशाची वाट पाहता पाहता बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि माझा पेपर अर्धा तास उशिरा सुरू झाला.

हे दोघे जन्मजात वैरी आहेत असे आपण धरून चाललो आहोत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे कंत्राटी परवान्याच्या गाडीला वाटेत प्रवासी चढवता-उतरवता येत नाहीत. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खाजगी गाडीने उभे राहायचे नाही. पण हेच सरकार २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला तेव्हा खाजगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा देते! म्हणजे अडचणीत जीप चालते; एरवी ती चोर ठरते.

आपल्या भागाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९३२ साली सरकारी बस सुरू झाली ती निजामाच्या रेल्वेचेच एक खाते म्हणून. रेल्वे आणि मोटार एका छत्राखाली होत्या. पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी. तुर्कस्तानात तर वाटून घ्यायच्या गाडीला 'दोल्मुश' म्हणतात, अर्थ, 'भरलेली'. आमच्या जीपला याहून नेमके नाव सापडणार नाही! पण तेथे तिचा मार्ग आणि भाडे ठरवून दिलेले असते.

आपणही तेच करावे असे मला वाटते. जीपला फक्त गाव ते फाटा एवढाच परवाना द्यावा. सकाळ-संध्याकाळच्या दोन-दोन बसगाड्यांशी तिची वेळ बांधून द्यावी. आणि एस.टी.चा पास तिच्यात चालावा. फरकाची रक्कम सरकारने भरावी.

कुणी म्हणेल, जीपा एस.टी.चे प्रवासी पळवतील. मुख्य रस्त्यावर येऊच दिले नाही तर कशा पळवतील? उलट त्या बसला प्रवासी आणून देतील. कुणी म्हणेल, जीपला मागे माणसे लोंबकळतात, अपघात होतात. खरे आहे. पण परवाना असेल तरच सीटा मोजता येतात. चोरट्या गाडीत कोण मोजणार?

पासाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. एस.टी.च्या मासिक पासाला विद्यार्थ्याला भाड्याचा एक-तृतीयांशच भरावा लागतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. योजना चांगल्या आहेत. पण आमच्यासाठी सवलत फाट्यावर सुरू होते आणि फाट्यावरच संपते. माझ्या गावची एक मुलगी माझ्याच वर्गात होती. तिचा जीपचा महिन्याचा खर्च पासापेक्षा जास्त होई. तोही घरच्यांनी सोसला. सोसवली नाही ती संध्याकाळ. बस दिवस मावळताना फाट्यावर सोडायची आणि जीप भरायला अंधार पडायचा. दिवाळीनंतर ती आलीच नाही. आता बहिःस्थ परीक्षा देणार म्हणतात.

नांदेड–लातूर गाड्या लोहा, अहमदपूर, चाकूर करीत दिवसभर धावतात. विद्यापीठ नांदेडला, त्याचे उपकेंद्र लातूरला. पण या रस्त्याला दोन्ही हातांना फुटणाऱ्या फाट्यांच्या आतही विद्यार्थी राहतात. प्राध्यापक मंडळींना एवढीच विनंती: पहिल्या तासाला कुणी उशिरा आला, तर रागावण्याआधी त्याचा फाटा कोणता ते विचारा. आणि जी येतच नाही, तिचाही विचारा.