नवे दार, जुनी चौकट

लग्नाच्या शालूवरून घरात जितकी मते पडत नसतील तितकी पुढच्या दारावरून पडतात, असा आमचा यंदाचा अनुभव आहे. वाईच्या आमच्या जुन्या घराचे दार बदलायचे ठरले मात्र, आणि पुण्यात, ठाण्यात विखुरलेली आम्ही सारी मंडळी एका रात्रीत दारांतली तज्ज्ञ झालो.

तसे दार खानदानी होते. सागाच्या जाड उभ्या फळ्या, मागून आडव्या पट्ट्या, पुढे लोखंडी खिळ्यांची रांग आणि आतून भिंतीतल्या भोकातून ओढायचा लांबलचक अडसर. बिजागरी नावालाही नाही. झडपेच्या लाकडालाच वर-खाली गोल खुंट ठेवलेले. ते खोबणीत फिरायचे. पण तळाची वीतभर फळी वाळवीने खाल्ली होती, एक खुंट झिजला होता, आणि पावसाळ्यात फुगलेले दार उघडायला खांदा लावावा लागे. घरात राहते एकटी आई. वय ऐंशीच्या पुढे. तिने खांदा कुठला लावायचा?

धाकट्या भावाचा कौल पोलादी दाराला. त्याला कड्या किती आणि कुलपे किती, हे त्याने आम्हाला दोनदा ऐकवले. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींनी धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकले आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या आळीत हत्ती येत नाही. फार तर भाजीवाल्याची गाडी येते. सौ.ला हवे होते गुळगुळीत फ्लश दार. धूळ बसायला नक्षी नको, फडके मारले की झाले! बोलण्यासारखे दोघांचेही होते. निकाल लागला तो सुतारमिस्त्रींच्या टेपने.

त्यांनी आधी चौकट मापली. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची दोन्ही कडांना. आणि शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे माप. दोन तिरप्या मापांत इंचभराचा फरक निघाला. मिस्त्री म्हणाले, "काका, घर बसलंय. चौकट थोडी कललीच की. दार चौकटीसारखं करू, चौकट दारासारखी करायला जाऊ नका."

या एका वाक्यात पुष्कळ शहाणपण आहे. पोलादी दार बहुधा आपल्या ठरावीक मापाच्या चौकटीसकट येते. ते बसवायचे तर जुनी चौकट उखडून भिंत फोडायची. आमची भिंत दगडमातीची, आणि दारावरच्या लाकडी तुळईवर वरच्या भिंतीचा भार. तिला धक्का देणे म्हणजे दारापायी घर हलवणे. फ्लश दाराची अडचण निराळी. त्याच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी थोडीच असते. कललेल्या चौकटीत बसवण्यासाठी ते जास्त तासले की आतला भराव उघडा पडतो, आणि तिथून पावसाचे पाणी शिरते.

म्हणून चौकट तीच ठेवली. डाव्या खांबाचा तळ कुजला होता, तेवढाच कापून तिथे सागाचा नवा तुकडा सांधला. झडपा मात्र नव्या, दोनच, आणि आता पितळी बिजागऱ्यांवर. एक झडप उघडली की माणूस आतबाहेर करतो, म्हणजे निम्मेच वजन ढकलायचे. लाकूड मिळाले पाडलेल्या एका वाड्याचे. जुना साग कित्येक वर्षे वाळलेला असतो, त्यामुळे तो वाकण्याची भीती कमी. फक्त आत मोडलेले खिळे आणि किडीची भोके तपासून घ्यावीत. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून झडपांच्या कडेला थोडी फट ठेवायची. आणि तेल किंवा रंग देताना दाराचा माथा आणि तळ विसरायचा नाही. दिसत नाहीत म्हणून त्या कडा कोऱ्या राहतात, आणि ओल नेमकी तिथूनच चढते.

एवढे सारे ठरले आणि कुलपाचा प्रश्न निघाला. भावाचा आग्रह, की अडसर हवाच, शिवाय आतून वर एक कडी, खाली एक कडी. आई इतका वेळ शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "चोराला बाहेर कसं ठेवायचं ते तुम्ही ठरवलंत. रात्री मी न्हाणीघरात पडले, तर तुमच्यापैकी कुणी आत कसं येणार, तेवढं सांगा."

कुणी काही बोलले नाही. अडसर बाहेरून उघडत नाही. तो असतोच त्यासाठी. दारावर दहा माणसे उभी राहिली तरी ती उभीच राहणार.

मग अडसर गेला, वरची कडी गेली. कुलूप असे घेतले की आतून लावलेले बाहेरून किल्लीने उघडावे. त्यातही एक मेख आहे. काही कुलपांत आतल्या बाजूला किल्ली राहिली, तर बाहेरची किल्ली चालत नाही. दुकानात हे मुद्दाम विचारावे, नव्हे, तिथेच करून पाहावे. एका झडपेत गजांची हातभर खिडकी ठेवली, म्हणजे कोण आले ते दार न उघडता दिसते. दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे. भावाने कुरकुर केली, "किल्ली परक्याच्या घरी?" आई म्हणाली, "मी गावाला गेले की तीस वर्षं माझ्या तुळशीला पाणी तीच घालते. तिला परकी म्हणू नकोस."

उंबरठा जुनाच आहे, मधोमध झिजलेला. यंदाची रांगोळी त्याच्यापुढेच निघेल.

वाचकांपैकी कुणाच्या गावाकडच्या घराचे दार याच वाटेवर असेल, तर चौकट मापा, लाकूड पारखा, कुलूप तपासा. पण दुकानदाराने "किती फुटी हवं?" असे विचारण्याआधी घरातल्यांनी एकमेकांना विचारून घ्यावे, की हे दार रोज उघडणार कोण, आणि वेळ पडली तर बाहेरून उघडणार कोण. दाराचे माप तिथून सुरू होते.