उताऱ्याचें मर्म आणि युक्तीचा बाजार

स्पर्धा-परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या परिचयांतील एका मुलानें परवां आपल्या शिकवणीवर्गाचें टिपण आम्हांस दाखविलें. उतारा वाचून त्याचा मुख्य मुद्दा चार पर्यायांतून ओळखावयाचा, अशा प्रश्नांसाठीं तें होतें. उपदेश असा कीं, उतारा सबंध वाचण्याच्या भरीस पडूं नये. पहिलें वाक्य पाहावें, शेवटचें पाहावें, ज्या पर्यायांत ‘फक्त’, ‘सर्व’, ‘कधींच’ असले शब्द असतील ते खोडावे, आणि उरेल त्यांतला सौम्य पर्याय उचलावा. मुलानें हें सारें तोंडपाठ केलें होतें. नुकताच सोडविलेला उतारा कशाविषयीं होता असें विचारतांच मात्र तो घुटमळला. उत्तर त्याचें बरोबर आलें होतें!

ही युक्ति लबाडीची आहे असा आमचा आक्षेप नाहीं. ती चुकीची आहे असा आहे. मुद्दा पहिल्या वाक्यांत असतो हें ठरविलें कोणी? आधीं पूर्वपक्ष मांडावा, मग त्याचें खंडन करावें आणि शेवटीं सिद्धान्ताकडे यावें, ही आपल्याकडील वादाची जुनी रीत. विचारी लेखक आजही पुष्कळदां असेंच लिहितो. त्याच्या पहिल्या वाक्यास जो मुद्दा समजेल तो प्रतिपक्ष्याचें मत लेखकाच्या गळ्यांत बांधील.

आम्हींच रचलेला हा लहानसा उतारा पाहा: ‘धरणानें दुष्काळ हटतो अशी सर्वांची समजूत आहे. आमच्या तालुक्यांतही धरण झालें, कालवे निघाले, आणि कालव्याच्या तोंडाशीं असलेल्या गांवांत ऊस डोलूं लागला. परंतु शेवटच्या गांवांतील बायका अजून टँकरची वाट पाहतात. पाणी अडविणें हें अर्धें काम. तें कोणी किती घ्यावें हें ठरविणें आणि ठरल्याप्रमाणें पोंचविणें हें उरलेलें अर्धें.’

आतां पर्याय घ्या. ‘धरणानें दुष्काळ हटतो’ हें पहिलें वाक्य, पण लेखकानें तें खोडण्यासाठींच मांडलें आहे. ‘उसास बंदी करावी’ हें वाचकाच्या मनांतलें. लेखक तसें कोठेंही म्हणत नाहीं. ‘शेवटच्या गांवास टँकर लागतो’ हें खरें आहे आणि उताऱ्यांत आहेही. पण तो पुरावा झाला, मुद्दा नव्हे. ‘वांटपाची व्यवस्था झाल्यावांचून नुसत्या धरणानें दुष्काळ हटत नाहीं’ हा मुद्दा. कारण बाकीचें प्रत्येक वाक्य ह्याच्याच चाकरींत आहे. आणि हा मुद्दा उताऱ्याच्या कोणत्याही एका वाक्यांत जसाच्या तसा सांपडत नाहीं.

टँकरच्या पर्यायास फसणारीं मुलें आळशी नसतात, हें शिक्षकांनीं ध्यानांत घ्यावें. तीं बारकाईनें वाचणारीं असतात. ‘हें उताऱ्यांत आहे काय?’ ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं अचूक दिलेलें असतें. विचारलेलें असतें तें निराळेंच: ‘उतारा हें कशासाठीं सांगतो?’

हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाहीं. ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं सहा लिंगें सांगितलीं: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणांत लोकमान्य टिळकांनीं ह्या कसोटीचा आधार घेतला आहे. आरंभ आणि शेवट ह्यांची सांगड म्हणजे उपक्रम-उपसंहार. शिकवणीवाल्यांनीं सहांपैकीं तेवढें एक उचललें, तेंही अर्धेंमुर्धें, आणि पांच टाकून दिलीं. वारंवार काय येतें, नवें काय सांगितलें, त्यांतून निष्पन्न काय होतें, ओघानें आलेलें वर्णन कोणतें, युक्तिवाद कोणत्या बाजूस झुकतो, हें पाहिल्याशिवाय तात्पर्य कसें कळावें? वरील उताऱ्यांत डोलणारा ऊस हा अर्थवाद. सर्वांची समजूत तर सर्वांस ठाऊकच. तिच्यांत अपूर्वता कोठून येणार?

परीक्षा घेणारेही निर्दोष नाहींत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेंत २०११ पासून जी दुसरी प्रश्नपत्रिका असते तींत हे उतारे येतात. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नास दीड मिनिट, आणि उताऱ्याचें वाचनही त्यांतच. शिवाय उत्तर चुकलें तर त्या प्रश्नाचे एक-तृतीयांश गुण कापले जातात. २०१५ पासून ह्या पत्रिकेंत ३३ टक्के मिळविले कीं पुरे, तिचे गुण पुढें धरीत नाहींत. तथापि तेवढ्यावरही पुष्कळांचें वर्ष बुडतें. उतारे इंग्रजींत आणि हिंदींत छापतात, मराठींत नाहीं. लाखों उमेदवारांचीं उत्तरें यंत्रानेंच तपासावीं लागतात हें आम्हांस मान्य आहे. परंतु ह्याच आयोगाच्या मुख्य परीक्षेंत भारतीय भाषेची ३०० गुणांची सक्तीची पत्रिका असते, तींत उताऱ्याचा सारांश स्वतः लिहावा लागतो, आणि ती मराठींत देतां येते. म्हणजे खरी परीक्षा कोणती हें आयोगास ठाऊक आहे. ती चाळणीच्या पलीकडे ठेविली आहे इतकेंच.

त्या मुलास आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, पर्याय हातानें झांकून ठेव, उतारा वाच, आणि लेखकाचें म्हणणें स्वतःच्या एका वाक्यांत सांग. मग हात काढ. पहिल्या दिवशीं एका उताऱ्यास त्याला दहा मिनिटें लागलीं. आठवड्यानें तीन लागूं लागलीं. परवां एका उताऱ्यांत त्याचें वाक्य छापील उत्तराशीं कांहीं केल्या जुळेना. आम्ही दोघांनीं तो उतारा तीनदां वाचला. आमच्या मतें छापील उत्तरच चुकलें आहे, आणि तसें त्यानें आपल्या वर्गास लिहून कळविलें आहे.