कार्यकर्त्याची शुश्रूषा कोण करणार ?

एखाद्या गावी आपल्या माणसांवर अत्याचार झाल्याची वार्ता येते, तेव्हा सर्वांच्या आधी धावून जाणारा कार्यकर्ता आपण पाहिलेला आहे. तो प्रथम पोलीस ठाण्यात जातो. फिर्याद लिहून घेण्यास टाळाटाळ चाललेली असते; तेथे तो रात्रभर ठाण मांडून बसतो. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लावून घेणे, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो की नाही हे पाहणे, फिर्यादीचा जातीचा दाखला मिळविणे, जखमींना जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचविणे, समाजकल्याण खात्याकडून अर्थसाहाय्य सुटेपर्यंत खेटे घालणे, ही सारी कामे त्याचीच. पुढे वर्षानुवर्षे तारखा पडतात. साक्षीदार फितूर होतात. ज्यांच्यासाठी तो झगडला त्यांनाच गावाच्या दडपणापुढे समझोता करावा लागतो, आणि त्याचा दोषही त्याच्याच माथी येतो. तोवर दुसऱ्या गावाहून निरोप आलेला असतो.

हा मनुष्य घरी परतल्यावर त्याला झोप लागते काय, असे आपण त्यास कधी विचारले आहे काय ? त्याने बालपणी स्वतः सोसलेला अपमान प्रत्येक नव्या प्रकरणाबरोबर पुन्हा जागा होत असतो. तो घरच्यांवर चिडतो. कोणी दारूच्या आहारी जातो, कोणी सहकाऱ्यांशी भांडून वेगळी चूल मांडतो, आणि आपण त्याला फुटीर ठरवून मोकळे होतो. आपल्या चळवळीतील फुटींची मीमांसा आजवर पुष्कळांनी राजकीय अंगाने केली. त्यांतील काही फुटी केवळ थकलेल्या माणसांच्या होत्या, असे आमचे मत आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी तो 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे, अर्थात आपल्या विहारांतून वर्षावासाच्या वाचनात तो अनेकांच्या कानी पडलेला आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता व स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथे गेले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारता त्याने उत्तर दिले की, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपली काळजी घेत नाहीत. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्यास न्हाऊ घातले व उचलून शय्येवर निजविले. उपदेश त्यानंतरचा. संघ जमवून त्यांनी भिक्खूंना सांगितले ते असे की, तुम्हांस येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर पाहणार कोण?

या कथेतील भिक्खूचे उत्तर आम्हांस फार बोचते. उपयोग होता तोवर विचारपूस, उपयोग संपला की विस्मरण, हाच व्यवहार आपल्या संघटनांतूनही चाललेला नाही काय ?

खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी सुरेखा भोतमांगे, कन्या प्रियंका आणि सुधीर व रोशन हे दोन पुत्र यांची हत्या झाली. मागे एकटे भैयालाल भोतमांगे उरले. राज्यभर मोर्चे निघाले, आणि ते निघावयासच हवे होते. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी ठोठावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेवर आणली आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणास लागू धरला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहण्यापूर्वीच, जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल निवर्तले. दहा वर्षांहून अधिक काळ हा मनुष्य तारखा मोजीत जगला. दर वर्षी २९ सप्टेंबरला आपणांस त्यांची आठवण होत असे. उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न आम्ही इतरांइतकाच स्वतःलाही विचारीत आहोत.

आता ध्यानाविषयी. हा शब्द काढताच आपल्यातील अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्या सर्वस्वी निष्कारण नाहीत. दुःख तुझ्या पूर्वकर्माचे आहे, बाहेर पाहू नकोस, आत पाहा, असे शतकानुशतके ज्यांना सांगण्यात आले, त्यांना अंतर्मुख होण्याचा सल्ला संशयास्पद वाटणारच. स्वतः बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, भिक्खू हा केवळ स्वतःस परिपूर्ण करणारा मनुष्य की समाजाचा सेवक, असा रोखठोक प्रश्न उभा केला आहे. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले त्याला श्वासाकडे लक्ष दे म्हणून सांगणे ही क्रूर थट्टा आहे. महाडला १९२७ साली आपण मनःशांती मिळविण्यास नव्हे, पाणी घेण्यास गेलो होतो. न्यायाच्या जागी ध्यान बसविण्याचा प्रयत्न कोणी करील तर हे पाक्षिक त्याचा विरोधच करील.

तथापि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचा स्वीकार आहे, आणि सम्यक स्मृती व सम्यक समाधी ही त्या मार्गाचीच अंगे आहेत. आठांपैकी सहाच आपली आणि दोन कोणा दुसऱ्याची, असे बाबासाहेबांनी कोठे म्हटलेले नाही. सोण नावाच्या भिक्खूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले, तेव्हा बुद्धांनी त्यास वीणेच्या तारेची आठवण दिली. अतिताणलेली तार वाजत नाही, हे वीणा वाजविणाऱ्या सोणाला ठाऊक होते. ते त्याने स्वतःला मात्र लावून पाहिले नव्हते.

या बाबतीत व्हिएतनामकडे पाहण्यासारखे आहे. तेथे युद्ध पेटले असता १९६० नंतरच्या दशकात थिच न्यात हान्ह या भिक्खूने समाजसेवेसाठी तरुणांची एक शाळा काढली. तिचे कार्यकर्ते खेड्यांत जाऊन शाळा व दवाखाने चालवीत, बॉम्बने पडलेली घरे पुन्हा बांधीत. एकच गाव पुन्हा पुन्हा उभे करण्याची पाळी त्यांच्यावर आली. लढणाऱ्या दोन्ही पक्षांना त्यांचा संशय येई, आणि १९६७ मध्ये त्यांच्यातील काहींना ठारही मारण्यात आले. अशा कार्यकर्त्यांपैकी एकाला त्यांच्या गुरूने १९७४ साली परदेशातून, फ्रान्समधून, एक दीर्घ पत्र पाठविले. पुढे त्याचेच पुस्तक झाले. त्यात काम सोडून गुहेत बसण्याचा उपदेश नाही. श्वासाचे भान ठेवावे, भांडी घासताना भांडीच घासावीत, आठवड्यातील एक दिवस सावधानतेसाठी राखावा, असल्या साध्या गोष्टी आहेत. मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्यांना हे पत्र लिहिलेले होते, हे विसरून आज ते सुखवस्तूंच्या विरंगुळ्यासाठी वाचले जाते, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडेही साधने नाहीत असे नाही. १९७६ पासून इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिरास फी लागत नाही आणि आपले पुष्कळ बांधव तेथे जाऊन आले आहेत. परंतु मोलमजुरी करणाऱ्याला दहा दिवसांची मजुरी बुडवून जाणे परवडत नाही. शिवाय मौन पाळून परतलेला मनुष्य अकराव्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीत, त्याच ठाण्यासमोर उभा असतो. तेथे त्याच्याजवळ बसणारे कोण आहे ? कल्याणमित्रता हे धम्मजीवनाचे अर्धे अंग आहे, असे आनंद म्हणाला, तेव्हा अर्धे नव्हे, संपूर्ण, अशी तथागतांनी त्याची चूक दुरुस्त केली होती.

म्हणून आमची दृष्टी वस्तीतल्या विहाराकडे वळते. कित्येक विहारांचे कुलूप बुद्धपौर्णिमेला व १४ एप्रिलला निघते. एरवी आत सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक. कमिटीच्या हिशेबावरून दोन तट पडलेले असतात. झाडलोट व खीरदानाचा स्वयंपाक स्त्रियांकडे आणि सभेचे अध्यक्षपद पुरुषांकडे, ही वाटणी तर आपण कोणत्या धर्मातून बरोबर आणली हे सांगावयास नको. अत्याचारपीडित कुटुंबातील बाईला आपले दुःख मोकळेपणी बोलण्यास विहारात स्त्रियांची बैठक नसेल तर ती कोठे बोलणार ?

आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो. ज्याचे मन खरोखर आजारी पडले आहे, ज्याच्या तोंडी जीव नकोसा झाल्याची भाषा येऊ लागली आहे, त्याला आनापानावर सोडून देऊ नका, वैद्याकडे न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेत असे उपचार मिळणे हा हक्क ठरविला आहे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. हक्कासाठी लढणाऱ्यांनी हा हक्क मागण्यात लाज मानू नये.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बहुतेक विहारांतून ग्रंथवाचन होते. आमची सूचना तेवढ्यापुरतीच आहे. वाचनाआधी सर्वांनी पंधरा मिनिटे श्वासावर चित्त ठेवून स्वस्थ बसावे. वाचनानंतर ज्याला बोलावयाचे असेल त्याला बोलू द्यावे, आणि त्यावर कोणी भाषण करू नये. त्या दिवशी कोण आले नाही त्याची यादी करावी, विशेषतः पूर्वी पुढे असून आता दिसेनासे झालेल्यांची. मग दोघांनी मिळून त्यांपैकी एकाच्या घरी जावे, चहा घ्यावा, प्रकृती विचारावी. जाताना निवेदनाचा कागद व वर्गणीचे पावतीपुस्तक विहारातच ठेवून जावे.