घरातील औषधांची पेटी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या खेड्यापाड्यांतून तयारीची धांदल उडते. कौले चाळून होतात, सरपण आत घेतले जाते, पापड-लोणची डब्यांत भरली जातात. ह्या तयारीत एक वस्तू मात्र बहुतेक घरी राहून जाते. ती म्हणजे दुखापतीच्या वेळी हाताशी हवी अशी औषधांची पेटी. ओढ्याला पाणी येऊन दवाखान्याची वाट अडली म्हणजे तिची आठवण होते.

पेटी विकतच आणावयास हवी असे नव्हे. घट्ट झाकणाचा एखादा डबा पुरे. त्यात पाकीटबंद निर्जंतुक गॉज, दोनतीन रुंद गुंडाळपट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, साबणाची वडी, रबरी हातमोजे आणि पोव्हिडोन आयोडीनचे मलम असावे. तापासाठी पॅरासिटामॉल ठेवावे. मुलांची मात्रा त्यांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो कागद झाकणाच्या आत चिकटवावा. तापात मुलांस ॲस्पिरिन देऊ नये. मागील दुखण्यातून उरलेल्या गोळ्या ह्या डब्यात भरून ठेवण्याची आमच्या भगिनींस फार हौस. ती काटकसर येथे कामाची नाही.

जलसंजीवनीची, म्हणजेच ओ. आर. एस.ची, चारपाच पाकिटे अवश्य ठेवावीत. ही पूड स्वस्त, म्हणून तिला कोणी औषध मानीत नाही. परंतु १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व सोडा ह्यांचे पाणीच पाजण्यास आरंभ केला व हजारोंचे प्राण वाचविले. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सबंध विरघळवावे, थोडे थोडे पाजावे व २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

आता जे पेटीत नाही, तेच अधिक महत्त्वाचे. घरभेटीस गेलो असता भाजलेल्या हातावर टूथपेस्ट, जखमेवर तंबाखू वा कॉफीची पूड, कुत्र्याच्या चाव्यावर चुना व तिखट लावलेले आम्ही पाहतो. ह्यांनी जखम झाकली जाते, बरी होत नाही. डॉक्टरांस ती आधी खरवडून काढावी लागते. भाजल्यास बांगड्या-अंगठ्या लगेच उतरवाव्यात, भाग २० मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरावा, फोड फोडू नयेत आणि स्वच्छ कापडाने सैलसर झाकावे. बर्फ लावू नये. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस टोचून घ्यावी. ओरखडा लहान आहे म्हणून थांबू नये. रक्त वाहत असेल तर जखमेवर गॉज ठेवून नेटाने दाबून धरावे, वारंवार उचलून पाहू नये. कोणी रॉकेल वा कीटकनाशक प्याले असेल तर उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये, तत्काळ इस्पितळ गाठावे.

सर्पदंशावर ह्या डब्यात काहीच औषध नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, आणि ती इस्पितळातच देता येते. म्हणून साप शोधीत बसू नये. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे ह्यांनी अपायच होतो. माणसास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा हात वा पाय लाकडाची पट्टी व गुंडाळपट्टी वापरून न आवळता स्थिर करावा आणि वाहनातून न्यावे. मांत्रिकाकडून गुण आला असे सांगणारे पुष्कळ भेटतात. विषारी सापही पुष्कळदा विष न सोडताच चावतो, हे त्यांस ठाऊक नसते. तेवढ्या भरवशावर मात्र पोटच्या मुलाचा वेळ कोणी दवडू नये.

झाकणावर १०८ हा क्रमांक, जवळचे सरकारी इस्पितळ आणि रात्री-अपरात्री गाडी काढील अशा शेजाऱ्याचा दूरध्वनी ठळक लिहावा. औषधांच्या तारखा मिरगाच्या आरंभी व नाताळच्या साफसफाईत तपासाव्यात. डबा उंच फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावा व घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ती जागा दाखवून ठेवावी. त्यास कुलूप मात्र घालू नये. किल्ली बहुधा शेतावर गेलेल्याच्या कमरेला असते.