मायेनं टाके सरळ पडत नाहीत

गोधडी पाहिली की लोकांचं वाक्य ठरलेलं: ‘आजीच्या मायेची ऊब!’ मला या कौतुकाचा राग येतो. चाळीस वर्षं मी गोधड्या शिवतेय, वाटतेय. विरलेलं लुगडं आत, धडकं बाहेर. कडेपासून निघालेला धावदोरा चौकोन लहान करत मध्यापर्यंत. कुठल्या ठिगळाशेजारी कुठला रंग, हे सगळं शिवणारी ठरवते. याला डिझाइन म्हणतात. चित्रकाराची आपण रचना बघतो. बाईच्या शिवणात फक्त काळीज दिसतं, डोकं नाही. मग ‘माया’ म्हटलं की मजुरीत घासाघीस करायला मोकळे! मी गोधडी विकत नाही, देते. घेताना ‘किती गोड’ म्हणू नका. विचारा, हा लाल इथेच का लावलास?