विश्लेषण : सरकारी रुग्णालयात उपचार मोफत, मग पेणच्या मूर्ती कामगाराचा खर्च होतो कुठे?

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे या पट्ट्यात वर्षातील बहुतेक महिने गणेशमूर्तींचे कारखाने सुरू असतात. गणेशोत्सव जवळ आला की कामाची घाई वाढते. त्या दिवसांत आजारी पडणे म्हणजे कामाचा खाडा आणि मजुरीवर पाणी. सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत असूनही हा खर्च टळत नाही. असे का होते?

मोफत उपचारांचा निर्णय काय आहे?

राज्य मंत्रिमंडळाने ३ ऑगस्ट २०२३ रोजी निर्णय घेतला आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी, चाचण्या आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे शुल्कही रद्द झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत २,४१८ संस्थांना हा निर्णय लागू झाला. तेथे वर्षाला सुमारे २ कोटी ५५ लाख नागरिक येतात, असे तेव्हा सरकारने सांगितले होते. या सुविधेसाठी उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे जोहे गावातील कामगाराला पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात शुल्क द्यावे लागत नाही.

मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण विभागाच्या हद्दीची. हा निर्णय फक्त सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता. मुंबईचे जे. जे. रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या, तर केईएम आणि शीव रुग्णालय मुंबई महापालिकेच्या अखत्यारीत येते. या निर्णयात त्यांचा समावेश नव्हता. तेथील शुल्क खासगीच्या तुलनेत नाममात्र असले तरी ते शून्य नाही. गंभीर रुग्णाला पेणहून मुंबईला पाठवले, की रुग्णालय सरकारीच असते, पण नियम बदलतो. नातेवाइकांना तो फरक बिलाच्या खिडकीवर कळतो.

दुसरी अडचण औषधांची. रुग्णालयाच्या साठ्यात औषध नसेल, तर चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळते. त्या क्षणी उपचार कागदावर मोफत राहतात आणि खर्च रुग्णाच्या खिशातून होतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,२९० रुपये होता. खासगी रुग्णालयात तो २७,३४७ रुपये होता. सरकारी रुग्णालय कितीतरी स्वस्त, पण फुकट नव्हे, हे या आकड्यांवरून दिसते. महाराष्ट्राचा निर्णय त्यानंतरचा आहे. मात्र त्याने शुल्क गेले. औषधांचा साठा केवळ निर्णयाने वाढत नाही.

जनआरोग्य योजनेचा आधार किती?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने विमा संरक्षण दीड लाखांवरून प्रति कुटुंब पाच लाख रुपये झाले, उपचारांची संख्या ९९६ वरून १,३५६ झाली आणि सर्व शिधापत्रिकाधारक योजनेत आले.

मात्र ही योजना ठरावीक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांना आहे. रंगकाम करणाऱ्या कामगाराच्या छातीत दुखू लागले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली, तर अंगीकृत खासगी रुग्णालयातही तो खर्च योजनेतून होऊ शकतो. तोच कामगार मधुमेहाच्या गोळ्या दरमहा खासगी मेडिकलमधून घेत असेल, तर हे कार्ड तेथे उपयोगी नाही. परराज्यातील कामगाराकडे महाराष्ट्राची शिधापत्रिका नसते. तो गावी आयुष्मान भारत योजनेत पात्र असेल, तर ते कार्ड येथील अंगीकृत रुग्णालयात चालते. कार्डच नसेल, तर आरोग्य विभागाचे रुग्णालय हाच त्याचा आधार उरतो.

राज्य कामगार विमा योजनेचे काय?

ही योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. तीत औषधोपचारांबरोबरच आजारपणातील मजुरीची अंशतः भरपाईही मिळते. अंगणात किंवा शेडमध्ये चालणारे छोटे मूर्ती कारखाने या अटीत बसत नाहीत. म्हणजे उपचारांसाठी दोन योजना असल्या, तरी बुडालेल्या दिवसाची भरपाई देणारी योजना या कामगारापर्यंत पोहोचत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपत्कालीन रुग्णाला रुग्णालयात मोफत नेते. पण परतीचा प्रवास, पुन्हा तपासणीच्या फेऱ्या आणि सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी हा खर्च घरचाच.

सरकार पुरेसा खर्च करते का?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. पण त्याच वर्षी सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्ट २०२५ पर्यंत २.५ टक्के गाठण्याचे होते. शुल्क रद्द झाल्यावर रुग्ण वाढणारच. त्या प्रमाणात डॉक्टर, परिचारिका आणि औषधे वाढली नाहीत, तर वाचलेले केसपेपरचे पैसे रुग्ण मेडिकलमध्ये खर्च करतो.

हा कायदेशीर हक्क आहे का?

पश्चिम बंगालमधील एका अपघातग्रस्त शेतमजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, की तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची अडचण ही सबब चालणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रातील मोफत उपचार मात्र शासन निर्णयावर उभे आहेत, आणि एक शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो.

त्यामुळे रुग्णाला पुढे पाठवले जात असेल, तर नातेवाइकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : पुढचे रुग्णालय कोणत्या विभागाचे आहे, ते जनआरोग्य योजनेत आहे का आणि तेथील आरोग्यमित्र कुठे भेटेल. योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते. पेणच्या रुग्णालयात केसपेपर मोफत झाला, ही सुरुवात आहे. तेथून निघालेली चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलवर गेली नाही, तर जोहे गावातील कामगारासाठी उपचार खरोखर मोफत होण्याच्या जवळ पोहोचतील.